बुबुळावरचा ओरखडा

बारामती-इंदापूरकडे लोक जातात ते हिरवागार ऊस बघायला. मी गेले ती रोगट ऊस बघायला. पुण्याच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि त्यातही माझा सगळा जीव बुरशीत. लोणच्यावर बुरशी आली की इतर बायका नाक मुरडून बरणी घासायला घेतात, मी आधी सूक्ष्मदर्शक काढते. "हिला नवऱ्यापेक्षा बुरशी बरी वाटली," असं माझी धाकटी बहीण चारचौघांत सांगते. मी लग्नच केलेलं नसल्यामुळे मला ते खोडून काढता येत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते बुरशीतलं काही न कळणाऱ्या बाईच्या बाबतीत घडलं असतं तर मी तिला खुशाल नावं ठेवली असती. माझ्या बाबतीत तीही सोय उरली नाही. दुसरं म्हणजे मी भिडस्त आहे. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर मीच "असू दे" म्हणते. भीड भिकेची बहीण असं आई सांगायची, पण ऐकतं कोण?

लासुर्णे

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा हिवाळा. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. बारामतीत एसटीतून उतरले आणि वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये, एका पिंपाला आणि एका शेळीला टेकून, लासुर्ण्याला पोचले. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा नागपूरला नोकरीला होती. तिचे आईवडील लासुर्ण्यात राहत होते आणि त्यांच्या दीड एकर उसात काणी पडली आहे असं तिनं कळवलं होतं. काणी म्हणजे उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक फुटतो तो बुरशीचा रोग. मला तर आमंत्रणच मिळालं.

"जय भीम, मॅडम. या, या. शेळीनं लईच आदर केला वाटतं तुमचा," साडीवरच्या लेंड्या बघून सुनंदाचे वडील म्हणाले. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवून ते निवृत्त झाले आणि पुस्तकी मराठी बहुधा शाळेच्या कपाटातच ठेवून आले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. आता ओसरीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली तीन मुलांचे पदवीचे फोटो ओळीनं लावलेले. फोटोंवरची धूळ तात्या रोज स्वतः पुसतात.

सुनंदाच्या आईनं, आक्कांनी, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आमच्या पुण्यात पाहुण्याला "अजून घ्या" एकदा म्हणतात आणि त्याचं "नको" ऐकू येण्याआधी भांडं झाकतात. इथे "नको"ला काही अर्थच नव्हता. तिसऱ्या भाकरीला मी हात आडवा धरला तर भाकरी हातावरच पडली.

दुपारी शेतात गेलो. गुडघाभर पाचटातून, उसाच्या वाळल्या पाल्यातून, वाट काढत मी एकेक चाबूक कापून कागदी पिशवीत भरत होते आणि तात्यांना शिकवतही होते. पानाला मेणाचं कातडं असतं. काही बुरशा त्याच्यावर घट्ट चिकटून बसतात आणि सुईसारखं बोट आत घुसवतात. ज्यांच्यात तेवढा जोर नसतो, त्या जखमेची वाट बघतात. "जखम नसेल तर त्या बिचाऱ्या उपाशी," असं मी अगदी कौतुकानं म्हणाले.

त्याच वेळी एक पान मी ओढलं ते हातातून निसटलं आणि चाबकासारखं उलटून माझ्या डाव्या डोळ्यावर बसलं.

उसाच्या पानाची धार ज्याला माहीत नाही त्याला काय सांगू! करवतच ती. मी डोळ्यावर हात दाबून मटकन खाली बसले. शेजारच्या सरीत पाचट काढणारी एक बाई धावत आली. तिचं नाव रखमा, तात्यांच्या शेतावर नेहमी कामाला यायची. वय असेल तिशीचं.

"बाई, चोळू नगा. बगू मला," असं म्हणून तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पापणी उलटली. "कुसळ हाय. जिभंनं काढू का? आमी तसंच काढतो."

मी दचकून उठले. जिभेवर काय काय नांदतं हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते! रखमा हसली, तिला राग आला नाही. पदराचं टोक पाण्यात भिजवून तिनं अलगद कुसळ टिपलं आणि पुन्हा सरीत गेली.

घरी आल्यावर डोळा लाल आणि पाण्यानं भरलेला. तात्यांनी साबणानं हात धुतले, पेटीतून एक बाटली काढली आणि मला बाजेवर उताणं निजायला सांगितलं. मागे गावात डोळ्यांची साथ आली होती तेव्हा कुण्या डॉक्टरनं ते औषध दिलं होतं. दोन दिवसांत डोळे पांढरे स्वच्छ झाले. तेव्हापासून तात्या तीच बाटली इंदापूरच्या मेडिकलमधून आणून ठेवत. आळीत कुणाच्या डोळ्यात काही गेलं की तो माणूस थेट तात्यांच्या बाजेवर. पैसे नाहीत, उपकार नाहीत. निवृत्तीनंतरची ती त्यांची शाळाच होती.

"बाटली बघू तात्या," मी म्हणाले. प्रत्येक लेबल वाचायची मला खोडच आहे. चष्मा नव्हता, एक डोळा मिटलेला. पहिलं नाव लागलं, ते जंतुनाशक होतं. त्याच्यापुढे अधिकाचं चिन्ह होतं आणि त्याच्यापुढे आणखी एक नाव, बारीक अक्षरात. ते मला लागलं नाही. हात धुऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला "थांबा, चष्मा आणते" म्हणणं बरं दिसेना. मी बाटली परत दिली.

"गप पडा. गार वाटंल," तात्या म्हणाले. खरंच गार वाटलं.

नरसिंहपूर

सकाळी डोळा जवळजवळ पांढरा झालेला. ठणका नाही, पाणी नाही. तात्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांच्या हाताखाली बोर्डात आले. बाटली त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. "दिसातनं तीनदा घाला. माज्यापाशी दुसरी हाय."

बरं वाटतंय तर संगम बघून येऊ म्हणून मी एकटीच निघाले. इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला भीमा आणि नीरा मिळतात. काठावर नरसिंहाचं देऊळ, भक्कम काळ्या दगडाचं, नदीपर्यंत उतरलेल्या पायऱ्या. मी देवभोळी नाही, पण त्या पायऱ्यांवर बसले आणि उठावंसं वाटेना. दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मला दोन्ही सारखेच धुरकट दिसले. हिवाळ्यातलं धुकं असेल म्हटलं. वेळ तर भर दुपारची होती! पण मनाला पटवायचं ठरवलं की माणूस दुपारीही धुकं पाडतो.

मग गाभाऱ्यात गेले आणि समईच्या ज्योतीभोवती एक गोल रंगीत कडं दिसलं. उजवा डोळा मिटला तर कडं मोठं झालं. डावा मिटला तर नाहीसंच झालं. पुजाऱ्यानं तीर्थ पुढे केलं तेव्हा मी अजून आळीपाळीनं डोळेच मिटत होते. बाहेर येऊन मी काय केलं असेल? आणखी एक थेंब टाकला. तिसरा आधीच झाला होता, हा चौथा.

सुपे

मुक्काम बारामतीतल्या लॉजवर हलवला होता. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सुप्याला गेले, कारण न जाणं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे कबूल करणं. उसाचा मुलूख मागे पडला की तासाभरात माळ लागतो. खुरटं गवत, बोरी-बाभळी आणि मधूनमधून ज्वारीची पट्टी. मयूरेश्वरच्या अभयारण्यात चिंकारा दिसतात. वनखात्याचा एक रखवालदार माझ्याबरोबर आला आणि झाडाआड उभं राहून कुजबुजला, "त्या बगा, चार हायत्या. योक पिल्लू."

मी दुर्बीण डोळ्याला लावली. उजव्या नळीतून चिंकारा दिसले, कान हलवत उभे. डाव्या नळीतून नुसतं ताक.

"दिसली का?" त्यानं विचारलं. "दिसली," मी म्हणाले.

सुप्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीला आरसा टांगलेला होता. तिथे उभी राहून मी डोळा ताणून पाहिला. बुबुळावर, बाहुलीच्या जरा खाली, कणीएवढा राखी-पांढरा ठिपका. त्याच्या कडा सरळ नव्हत्या. पिसासारख्या फाटलेल्या, बाहेर पसरत चाललेल्या. अशी कड मी आयुष्यभर काचेच्या बशीत वाढवली होती. ती ओळखायला मला पुस्तक लागलं नाही. चहावाला म्हणाला, "बाई, बसा खाली, चक्कर येतीय का?" मी बसले. टपरीवर हुरड्याचं ताट आलं होतं, चटणी-शेंगदाण्यासकट. पैसे देऊन तसंच ठेवून उठले.

बारामती

डोळ्याचे डॉक्टर पन्नाशीचे, तुटक बोलणारे. त्यांनी यंत्रातली उजेडाची बारीक फट माझ्या डोळ्यावरून फिरवली.

"उसाचं पान?"

"हो."

"किती दिवस?"

"हा तिसरा."

"काय घातलं?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, वाचली आणि टेबलावर ठेवताना खूप हळू ठेवली. त्यांचं ते हळू ठेवणं मला अजून आठवतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अधिकाच्या चिन्हापुढचं नाव स्टेरॉइडचं होतं.

इथे वाचकांना दोन शब्दांत सांगते. बुबुळावर पेशींचं पाच-सहा पदरी पातळ अस्तर असतं. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या की मधून काही आत शिरू नये. वरून अश्रू धुतात, पापणी पुसते, झिजलेला पदर गळून नवा येतो. हवेतले बुरशीचे बीजाणू रोज डोळ्यात पडतात आणि रोज धुऊन जातात. धडधाकट अस्तरापुढे त्यांचं काही चालत नाही. पण पानाची धार ती शिवण उसवते आणि त्याच पानावरची बुरशी तिथे ठेवून जाते. तरीही शरीर गप्प बसत नाही. लाली, पाणी, ठणका म्हणजे रखवालदारांची धावपळ. स्टेरॉइड त्या रखवालदारांना झोपवतं. घर शांत होतं, आपण म्हणतो बरं वाटलं, आणि आत धागे निवांत पसरत जातात. माझा पांढरा स्वच्छ डोळा म्हणजे झोपलेलं घर होतं.

डॉक्टरांनी बधिर करणारा थेंब घातला आणि पात्यानं ठिपक्याची कड खरवडली. डोळ्यासमोर पातं येताना दिसतं आणि पापणी मिटता येत नाही, याच्याइतकी भीती मी कधी अनुभवली नव्हती. खरवड काचेवर घेऊन त्यांनी पेशी विरघळवणारा पोटॅशचा थेंब टाकला.

"पुण्याला पाठवली तर चार दिवस जातील," ते म्हणाले. "मघाशी म्हणालात ना, तुम्ही बुरशीच्या बाई? उजवा डोळा चांगला आहे. बघा तुम्हीच."

मी सूक्ष्मदर्शकाशी बसले. नसावं, नसावं, असं म्हणत काच सरकवत होते. विद्यार्थ्यांना मी सांगायची, नमुन्यावर माया करू नका, जे आहे तेच बघा. पेशी विरघळून गेल्या होत्या आणि त्यांच्यामधून, आडव्या भिंती असलेले, फांद्या फुटलेले धागे स्वच्छ दिसत होते. एरवी मी "वा!" म्हणाले असते. ते माझ्या डोळ्यातले होते.

"आहे," मी म्हणाले आणि रडायला लागले. डॉक्टरांनी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

डॉक्टरांनी मला दवाखान्यातच ठेवून घेतलं, पण औषध बारामतीत नव्हतं. बहिणीनं पुण्यात दुकानं पालथी घातली आणि दुसऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती ते पाठवलं. दुधासारखे पांढरे थेंब, तासातासाला एक, रात्रीही. फूल पडेल का, किती मोठं पडेल, डोळा फुटेल का, कुणी सांगू शकत नव्हतं. बुबुळावर पांढरा डाग राहतो त्याला आपल्याकडे फूल पडलं म्हणतात. इतकं सुंदर नाव त्या गोष्टीला कुणी दिलं असेल?

औषध सुरू झालं त्याच दुपारी तात्या आले. लॉजवरून दवाखान्याचा पत्ता काढून, हातात आक्कांनी दिलेला डबा. खाटेशेजारी उभे राहिले, बसेनात.

"मॅडम, येक इचारू? माज्या औषधानं बिगाडलं का?"

जन्मात कुणाला फुकट काही दिलं याचा त्या माणसाला अभिमान होता तो ह्याच गोष्टीचा. मला माहीत होतं काय बोलायला हवं. एकच वाक्य होतं.

"छे हो तात्या," मी म्हणाले. "उसाच्या पानानं झालं. तुमच्या औषधाचा काय संबंध?"

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि खाली बसले. मग डबा उघडून मला भरवायलाच निघाले होते. आम्ही दोघं हसलो. जाताना ते दारातून वळून म्हणाले, "जिवाला लई घोर लागला व्हता बगा." आपण एक चांगलं काम केलं असं वाटून मी डोळा मिटला.

आठ दिवस गेले. ठिपका वाढायचा थांबला, मग कडा बोथट झाल्या. डॉक्टर पहिल्यांदा हसले. "वाचला," म्हणाले. "थोडा डाग राहील." मी बाहेरच्या बाकावर ऊन खात बसले होते आणि मनात पुण्याला जायची तयारी चालली होती. तेवढ्यात फाटकातून तात्या आले आणि त्यांच्या मागे, पदरानं अर्धा चेहरा झाकून, रखमा.

"मॅडम, बरं झालं तुमी हितं भेटला," तात्या म्हणाले. "हिलाबी तुमच्यावानीच पान लागलंय, तुमास्नी भेटून गेलो त्याच्या दुसऱ्या दिशी. सकाळ-दुपार-सांज थेंब घालतोय. आदी चांगलं झालं व्हतं. परवापासनं दिसंना म्हणतीय."

मी बाकावरून उठले.

"कुठले थेंब, तात्या?"

"तेच की. दुसरी बाटली." ते माझ्याकडे बघत होते. "मला आदी वाईच शंका आली व्हती. पर तुमीच म्हणाला न्हवं, औषधाचं काय न्हाय म्हणून?"

रखमानं पदर बाजूला केला. बुबुळ सगळंच पांढरं होतं आणि खाली पिवळट पू साचलेला. माझा ठिपका कणीएवढा होता.

डॉक्टरांनी तिलाही खरवडलं. सूक्ष्मदर्शकाशी मलाच बसवलं. या वेळी शोधावं लागलं नाही. काच सरकवीन तिकडे धागेच होते. माझ्या बॅगेत पांढऱ्या औषधाची उरलेली अर्धी बाटली होती, ती मी तिथल्या तिथे काढून दिली. डॉक्टरांनी घेतली, पण माझ्याकडे पाहून मान हलवली. तिला त्याच दिवशी पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी म्हणाले, मी बरोबर येते.

जीप येईपर्यंत आम्ही तिघं फाटकाशी उभे होतो. मग मी तात्यांना सांगितलं. औषधात काय होतं, ते काय करतं, आणि त्यांनी विचारलं त्या दिवशी मला ते माहीत होतं, हेही सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

तात्या म्हणाले, "शाळेत चूक झाली तर आमी पोराला तिथल्या तिथं सांगत व्हतो, मॅडम. वाईट वाटतंय म्हणून राखून न्हाय ठिवली कधी." आवाज चढला नव्हता. ते रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

पुण्यात डॉक्टरांना रखमाचा डोळा वाचवता आला नाही. काढावा लागला. मी रोज जात होते. पट्टी बांधून ती खाटेवर बसलेली असायची, भिंतीकडे तोंड करून. पाचव्या दिवशी माझ्या पावलांचा आवाज ओळखून तिनं मान वळवली आणि उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे नीट, निरखून पाहिलं.

"बाई, तुमचा डोळा बरा झाला न्हवं?" तिनं विचारलं.

तिला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तात्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"झाला," मी म्हणाले. "रखमा, मला तुला एक सांगायचंय."